घोडेबाजाराची चित्रकर्ती : रोझा बोनर



घोडा हा विषय देऊन आम्ही चित्र-प्रदर्शनी भरवितो, तेव्हा बहुतेक मुले कॅलेंडरवरचा घोडा उतरवितात. घोडा उभा कुठे आहे, त्याची दोरी कोणाच्या हाती आहे, हे कागदावर येतच नाही. म्हणून या अंकासाठी आम्ही फ्रान्समधील रोझा बोनर यांचे चरित्र निवडले आहे.

त्यांचा जन्म १६ मार्च १८२२ रोजी बोर्दो शहरात झाला. वडील चित्रकार व चित्रकलेचे शिक्षक. घरची परिस्थिती ओढगस्तीची. लहानगी रोझा दिवसभर चित्रे काढी, पण अक्षरे काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नसत. तेव्हा आईने युक्ती केली. प्रत्येक अक्षरापुढे त्या अक्षराचा एक प्राणी तिच्याकडून काढून घेतला, आणि मुलगी वाचू लागली. रोझा अकरा वर्षांची असताना ही आई वारली. शाळांनी तर तिला दंगेखोर म्हणून घरी पाठविले. (आम्हा शिक्षकांना हे वाक्य लिहिताना जड जाते.) शिवणकाम शिकायला ठेवले, तिथेही ती टिकली नाही. अखेर वडिलांनीच तिला चित्रकला शिकविली.

पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत १८९७ पर्यंत मुलींना प्रवेश नव्हता. रोझा लूव्र संग्रहालयात जाऊन थोरांच्या चित्रांच्या नकला करीत, आणि जनावराची हाडे व स्नायू समजावेत म्हणून कत्तलखान्यातही जात. पुढे पॅरिसच्या घोडेबाजारात त्या सुमारे दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा जात राहिल्या. तिथे दलाल, मोतद्दार, चिखल, लाथा झाडणारी जनावरे. बाईमाणसाला उभे राहणे कठीण. त्या पुरुषी पोशाखात जात. पॅरिसमध्ये १८०० च्या हुकुमानुसार स्त्रीला पँट घालण्यासाठी पोलिसांचा परवाना लागे. तो त्यांनी काढला होता.

या मेहनतीतून आलेले 'घोडेबाजार' हे चित्र १८५३ च्या पॅरिस प्रदर्शनात लागले. सुमारे अडीच मीटर उंच, पाच मीटर लांब! दांडगे पेर्शरों घोडे, त्यांना आवरणारी माणसे, मागे झाडांची रांग आणि इस्पितळाचा घुमट. गॅम्बार्ट नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने ते ४०,००० फ्रँकला घेतले. १८५५ मध्ये ते लंडनला गेले, राणी व्हिक्टोरियानेही पाहिले. छापील प्रती निघाव्यात म्हणून त्याची एक लहान आवृत्ती तयार केली, ती आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मूळ चित्र १८८७ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

१८६५ मध्ये सम्राज्ञी युजेनी स्वतः त्यांच्या बी या गावी आल्या व 'लीजन ऑफ ऑनर' हा सन्मान दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री-चित्रकार. १८८९ मध्ये बफेलो बिलचा अमेरिकन खेळ पॅरिसला आला, तेव्हा सदुसष्टाव्या वर्षी त्या पुन्हा वही घेऊन त्याच्या तळावर हजर!

२५ मे १८९९ रोजी त्यांचे निधन झाले. घोड्यांच्या पायांखाली गव्हाची मळणी चालली आहे, असे एक प्रचंड चित्र त्या कित्येक वर्षे रंगवीत होत्या. ते अपूर्णच राहिले. आज ते बोर्दोच्या संग्रहालयात आहे.