निकाल लागला, पण चौदा वर्षांनी

लोकमान्य टिळक म्हटलं की मंडालेचा तुरुंग आठवतो. पण त्याहून जास्त वर्षं त्यांना पिडलं ते मित्राच्या इस्टेटीच्या दाव्यानं.

पुण्याचे सरदार बाबा महाराज ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी टिळकांना विश्वस्त नेमलं होतं. १९०१ मध्ये विधवा ताई महाराजांसाठी औरंगाबादेत जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुढं ताई महाराज फिरल्या, हे दत्तक त्यांनी नाकारलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

१९०२ मध्ये न्यायाधीश ॲस्टन यांनी टिळकांच्या विरुद्ध निकाल दिला, वर फौजदारी खटलाही भरायला लावला. मित्रानं विश्वासानं घर सोपवलेला माणूस खोटारडा ठरला. १९०३ मध्ये खोट्या साक्षीबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली, डाग मात्र राहिला. मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं.

दत्तकाचा दिवाणी दावा तरी चालूच. १९१० मध्ये टिळक मंडालेत असताना हायकोर्टाचा निकाल उलटा गेला. अखेर मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं औरंगाबादचं दत्तक खरं ठरवलं.

कायदा शिकलेल्या टिळकांची ही गत, तर वाटणीच्या दाव्यात अडकलेल्या साध्या माणसाचं काय? समन्स आलं म्हणून कुणी चोर ठरत नाही. पण निकालापर्यंत गाव थांबत नाही.