लांगेनबुख आणि माझं पित्ताशय

मंडळी, गेल्या दिवाळीत चकल्या-करंज्यांवर यथेच्छ ताव मारला आणि दोनच दिवसांनी अम्गऱ्याच्या यार्डात माल उतरवून घेताना उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी खालीच बसलो. पित्त झालं असेल म्हणून सोडा प्यायलो. पण आपण ज्याला ‘पित्त झालं’ म्हणतो ते बहुधा जठरातलं आम्ल असतं. माझं दुखणं खऱ्या पित्ताचं निघालं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. डॉक्टर म्हणाले की पित्ताशयच काढावं लागेल. झोप उडाली हो माझी! आख्खा अवयव काढायचा, मग जेवण पचणार कसं? त्या काळजीत एका माणसाचं चरित्र वाचलं, ते सांगतो.

कार्ल लांगेनबुख १८४६ साली जर्मनीतल्या कील शहरात जन्मले, तिथेच डॉक्टर झाले. १८७३ मध्ये, तिशीही गाठली नसताना, बर्लिनच्या लाझारस इस्पितळाचे प्रमुख झाले. त्या काळी सर्जन फार तर पित्ताशयाला छेद देऊन खडे काढत. पिशवी तशीच राही आणि खडे पुन्हा होत. लांगेनबुखांना वाटलं, खडे जिथे तयार होतात ती पिशवीच काढली तर?

पित्त बनवतं यकृत. पित्ताशय ते साठवून घट्ट करतं आणि तूप-तेल पोटात गेलं की आतड्यात सोडतं. त्याने स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब होतात आणि ते पचतात. पण घोड्याला नि हत्तीला पित्ताशय नसतंच. सतराव्या शतकात कुत्र्यांची पित्ताशयं काढली होती, तरी ते जगले होते. हे सगळं लांगेनबुखांना ठाऊक होतं. तरी त्यांनी घाई केली नाही, आधी मृतदेहांवर सराव केला.

१५ जुलै १८८२. रुग्ण ४३ वर्षांचा, १६ वर्षं कळा सोसून मॉर्फिनच्या आहारी गेलेला. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ताप नाही, आणि गडी चक्क सिगार ओढतोय! काही आठवड्यांनी तो बरा होऊन घरी गेला. इंग्लंडचे लॉसन टेट यांच्यासारख्या बड्या सर्जननी या पद्धतीला विरोध केला, पण शेवटी तीच टिकली.

दैव बघा, इतरांची पोटं बरी करणारा हा माणूस १९०१ मध्ये अपेंडिक्सच्या दुखण्याने पोटात संसर्ग पसरून गेला. वय अवघं ५४.

पुढे १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी हे ऑपरेशन दुर्बिणीतून केलं. १९९० मध्ये आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमतोन उदवाडियांनी ते भारतात पहिल्यांदा केलं. त्यामुळे माझं काम चार लहान छिद्रांत भागलं. आता पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरतं.

यंदाही फराळ आहेच, फक्त चकल्या मोजून! आणि मंडळी, अशी कळ आली तर सोड्यावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. शुभ दीपावली!