फ्रेडरिक वर्थम

फ्रेडरिक वर्थम (२० मार्च, इ.स. १८९५ – १८ नोव्हेंबर, इ.स. १९८१) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व लेखक होते. न्यू यॉर्कमधील हार्लेम या प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीत गरिबांसाठी सुरू केलेले लाफार्ग क्लिनिक हे त्यांचे महत्त्वाचे कार्य मानले जाते. मात्र सर्वसामान्यांना ते कॉमिक्सचे विरोधक म्हणूनच अधिक परिचित आहेत.

== शिक्षण व सुरुवातीची कारकीर्द ==
वर्थम यांचे मूळ आडनाव वर्थायमर होते. इ.स. १९२१ मध्ये त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठातून वैद्यकीय पदवी संपादन केली. म्युनिक येथे एमिल क्रेपेलिन यांच्या संस्थेत काही काळ काम केल्यानंतर इ.स. १९२२ मध्ये ते अमेरिकेतील बाल्टिमोर येथे अडॉल्फ मायर यांच्या हाताखाली रुजू झाले. कृष्णवर्णीय रुग्णांवर उपचार करण्यास तयार असणाऱ्या त्या काळातील मोजक्या मनोविकारतज्ज्ञांत त्यांची गणना होई. इ.स. १९३२ मध्ये ते न्यू यॉर्कला आले. तेथे फौजदारी न्यायालयाशी संलग्न असलेल्या मानसोपचार विभागात गुन्हेगारांची तपासणी करताना दारिद्र्य, वंशभेद आणि मानसिक विकार यांचा परस्परसंबंध त्यांच्या अभ्यासाचा विषय बनला.

== लाफार्ग क्लिनिक ==
त्या काळी हार्लेममधील रहिवाशांना मानसोपचार जवळजवळ अप्राप्य होते. खासगी उपचार परवडत नसत आणि अनेक संस्था वर्णावरून रुग्णांना प्रवेश नाकारीत. या परिस्थितीवर उपाय म्हणून वर्थम यांनी कादंबरीकार रिचर्ड राइट आणि पत्रकार अर्ल ब्राउन यांच्या सहकार्याने स्वतंत्र क्लिनिक काढण्याचे ठरवले. सेंट फिलिप्स चर्चचे धर्मगुरू शेल्टन हेल बिशप यांनी चर्चच्या तळघरातील जागा उपलब्ध करून दिली आणि ८ मार्च, इ.स. १९४६ रोजी क्लिनिक सुरू झाले. मिश्रवंशीय फ्रेंच समाजवादी वैद्य पॉल लाफार्ग यांचे नाव त्याला देण्यात आले.

क्लिनिक आठवड्यातून दोन दिवस सायंकाळी चालत असे. तपासणीचे शुल्क २५ सेंट होते व तेही ज्यांना शक्य नसेल त्यांना माफ केले जाई. कृष्णवर्णीय व गोरे डॉक्टर, समाजसेवक आणि शिक्षक तेथे विनावेतन काम करीत. डॉ. हिल्डे मॉस या वर्थम यांच्या प्रमुख सहकारी होत्या. उपचारांसाठी कोणत्याही वंशाच्या व्यक्तीस मज्जाव नव्हता. रुग्णाची घरची स्थिती, नोकरी, शाळा व त्याला सोसावा लागणारा भेदभाव यांचा विचार केल्याखेरीज त्याचा विकार समजत नाही, अशी वर्थम यांची भूमिका होती. कृष्णवर्णीयांसाठी वेगळे मानसशास्त्र असते, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. पुरेसे शासकीय आर्थिक पाठबळ न मिळाल्याने क्लिनिक प्रामुख्याने देणग्या व स्वयंसेवकांवर अवलंबून राहिले आणि इ.स. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडले.

== शालेय वंशभेदाविरुद्ध साक्ष ==
डेलावेअर राज्यातील वंशाधारित वेगळ्या शाळांविरुद्धच्या बेल्टन विरुद्ध गेबहार्ट या खटल्यासाठी तेथील कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांना लाफार्ग क्लिनिकमध्ये तपासण्यात आले. इ.स. १९५१ मध्ये वर्थम यांनी न्यायालयात साक्ष देऊन वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर होणारा परिणाम विशद केला. पुढील वर्षी न्यायाधीश कॉलिन्स साइट्झ यांनी फिर्यादी मुलांना गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश देण्याचा आदेश दिला. हा खटला पुढे ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ या खटल्यात समाविष्ट झाला. त्याच्या इ.स. १९५४ मधील निकालाने सार्वजनिक शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरले.

== कॉमिक्सविरोध व टीका ==
इ.स. १९५४ मध्येच वर्थम यांचे 'सिडक्शन ऑफ द इनोसन्ट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हिंसक कॉमिक्स बालगुन्हेगारीस हातभार लावतात, असे त्यात प्रतिपादन होते. त्यांनी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढेही साक्ष दिली. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वयंनियमनाची कॉमिक्स संहिता लागू केली. वर्थम यांची कागदपत्रे इ.स. २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाल्यावर संशोधक कॅरोल टिली यांनी पुस्तकातील मुलांच्या नोंदींशी त्यांची तुलना केली. काही नोंदींत फेरफार झाल्याचे, तर काहींतील महत्त्वाचे तपशील वगळल्याचे त्यांना आढळले. यांपैकी अनेक मुले लाफार्ग क्लिनिकमधीलच असल्याने तेथील कार्याच्या मूल्यमापनातही हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

== मृत्यू व वारसा ==
वर्थम यांचे पेनसिल्व्हेनिया राज्यातील कुट्झटाउन येथे निधन झाले. कॉमिक्सच्या वादामुळे लाफार्ग क्लिनिक दीर्घकाळ विस्मृतीत गेले होते. अलीकडच्या अभ्यासकांनी मात्र अल्प उत्पन्न गटांना त्यांच्याच वस्तीत मानसोपचार देण्याचा एक आरंभीचा प्रयोग म्हणून त्याची दखल घेतली आहे.