ऑर्गनकार हेन्री विलिस

बाजाच्या पेटीत पितळेच्या पट्ट्या वाजतात. पाइप ऑर्गनमध्ये भात्याचा वारा लहानमोठ्या शेकडो नळ्यांत शिरून नाद उत्पन्न करितो. हेन्री विलिस यांचा जन्म १८२१ साली लंडन शहरी झाला. कोवळ्या वयात उमेदवारी करून त्यांनी ही वाद्ये बांधण्याची कला संपादिली. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनातील ऑर्गनाने त्यांची कीर्ति पसरली. ते स्वतः देवळात ऑर्गन वाजवीत. वाजविणाऱ्याच्या सोयीसाठी अंगठ्याने दाबावयाच्या कळा त्यांनी या वाद्यास बसविल्या होत्या. पुढे १८७३ साली लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधील त्यांचा भव्य ऑर्गन, इमारत उघडल्यावर १६ दिवसांतच, आगीत भस्म झाला. विलिसांनी पुन्हा आरंभ केला व १८७५ साली तेथेच दुसरा ऑर्गन उभा केला. १९०१ साली ते निवर्तले. विद्यार्थीहो, केलेले काम जळेल; हातची विद्या जळत नाही.