गणितानंद कापरेकर

समुद्रकाठच्या डहाणू गावी १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यातील आकडेमोड पाहता पाहता मुलालाही संख्यांची गोडी लागली. पुढे ठाणे येथे शालेय शिक्षण संपवून दत्तात्रेय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकू लागले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० साली ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शिक्षक झाले आणि १९६२ पर्यंत त्यांनी तेथेच अध्यापन केले.

कापरेकरांना गणितातील उच्च पदवी नव्हती. कित्येक विद्वानांना त्यांचे संशोधन पोरखेळ वाटे. परंतु त्यांनी संख्यांचा ध्यास सोडला नाही. १९४६ साली त्यांना एक नवल आढळले व १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले.

चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी. उत्तरात अंक कमी पडल्यास आधी शून्य मांडावे. त्या उत्तरावर पुन्हा हीच कृती करावी. अखेर ६१७४ ही संख्या येतेच. आणि तिच्यावर कृती केली, तरी पुन्हा ६१७४ च येते!

पुणे जिल्ह्यातील शिरूरचा पिन क्रमांक ४१२२१० आहे. त्याचे शेवटचे चार अंक घेऊ. २२१० मधून ०१२२ वजा करता २०८८ उरतात. पुढे ८५३२ आणि मग ६१७४. तीन वेळांत काम झाले. दौंडचा क्रमांक ४१३८०१. त्यातील ३८०१ पासून अनुक्रमे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ व ६१७४ मिळतात. येथे सहा वेळा वजाबाकी करावी लागली. ती सातांहून अधिक वेळा कधीच करावी लागत नाही.

कृती किती वेळा करावयाची, हे आरंभी ठाऊक नसते. केव्हा थांबावयाचे, एवढे मात्र ठाऊक असते. संगणकालाही अशीच आज्ञा देतात : उत्तर ६१७४ नाही, तोवर कृती पुन्हा कर. अशा सशर्त पुनरावृत्तीला लूप म्हणतात. मात्र अट नीट पारखून घ्यावी लागते. २२२२ सारखी एकाच अंकाची संख्या दिली, तर उत्तर शून्य येते व पुढेही शून्यच येत राहते. ६१७४ कधीच येत नाही आणि बिचारे यंत्र थांबतच नाही. म्हणून निदान दोन अंक निराळे आहेत ना, हे आधीच पाहावे लागते.

निवृत्तीनंतर तुटपुंज्या वेतनावर भागेना, म्हणून कापरेकर शिकवण्या करीत. अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्या शोधांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. ६१७४ ला आज कापरेकर स्थिरांक म्हणतात. १९८६ साली देवळालीत त्यांचे निधन झाले. मान मिळो वा न मिळो, आकडेमोड करण्यातच त्यांना आनंद होता. म्हणूनच लोक त्यांना गणितानंद म्हणत.