फादर थॉमस स्टीफन्स : ग्रीकांचा सद्गुण आणि ख्रिस्ताने दिलेली धन्यता

घाटंजीच्या परिसरात माणसाचे सुख पावसाला आणि कापसाच्या भावाला बांधलेले असते, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. मृगाचा पाऊस वेळेवर आला, बोंडे भरली, भाव मिळाला की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात; पाऊस चुकला की तेच घर मुके होते. यवतमाळ जिल्ह्याने गेल्या काही दशकांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे जे दुःख सोसले, त्याने प्रत्येक श्रद्धावंतापुढे एक प्रश्न उभा केला आहे. ज्याच्या हातून दैव सारे काही काढून घेते, तो माणूस सुखी होऊ शकतो काय? आणि नसेल, तर प्रामाणिकपणे, नीतीने जगण्याला अर्थ तरी कोणता उरतो?

हा प्रश्न नवा नाही. ख्रिस्तजन्मापूर्वी चारशे वर्षे ग्रीस देशातील विचारवंत ह्याच प्रश्नाशी झुंजत होते. त्यांच्या उत्तराला ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी पुढे नेले. त्या दोन्ही परंपरांचे शिक्षण घेतलेला एक धर्मगुरू सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत गायिली. ते फादर थॉमस स्टीफन्स. त्यांच्या जीवनाकडे आज आम्ही ह्याच प्रश्नाच्या उजेडात पाहणार आहोत.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात सुमारे १५४९ साली झाला. त्यांच्या तारुण्याच्या काळात इंग्लंडमध्ये कॅथलिक श्रद्धा उघडपणे आचरणे हा गुन्हा ठरू लागला होता. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक सद्गृहस्थाशी त्यांचा स्नेह जडला. संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स त्यांच्याबरोबर नोकराच्या वेषात वावरत असत. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले होते. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि पुढे सुमारे तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. मित्राला मात्र ते विसरले नाहीत. तुरुंगात असलेल्या पाउंड यांनाही संघात स्वीकारावे अशी विनवणी त्यांनी वरिष्ठांकडे केली आणि ती मान्यही झाली.

रोम येथील येशूसंघाच्या विद्यापीठात स्टीफन्स यांनी अध्ययन केले. संघाच्या घटनेनुसार तेथे तत्त्वज्ञानासाठी ॲरिस्टॉटल आणि ईशज्ञानासाठी संत थॉमस अक्वायनस हे प्रमाण मानले जात. म्हणजे सद्गुण व सुख यांविषयीचा ग्रीक विचार आणि ख्रिस्ती विचार हे दोन्ही ज्या शिक्षणक्रमाचे पायाचे दगड होते, त्यातूनच हा तरुण घडला. तो विचार थोडक्यात समजून घेतल्यावाचून त्यांच्या पुढील जीवनाचा अर्थ लागणार नाही.

ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४ ते ३२२) यांच्या मते प्रत्येक मनुष्य जे काही करतो ते शेवटी सुखासाठीच करतो, परंतु सुख म्हणजे मौज नव्हे, संपत्ती नव्हे आणि मानमरातबही नव्हे. मनुष्याचे मनुष्यपण पूर्णपणे फुलणे, विवेकाला अनुसरून आयुष्यभर सद्गुणांचे आचरण घडणे, हेच खरे सुख. सद्गुण जन्मतः मिळत नाही आणि केवळ उपदेशानेही येत नाही. वाद्य वाजवून वाजवूनच वादक घडतो, त्याप्रमाणे न्यायाची कृत्ये करीत राहिल्यानेच मनुष्य न्यायी होतो. त्यांचे गुरू प्लेटो यांनी विवेक, धैर्य, संयम आणि न्याय हे चार सद्गुण सांगितले होते. कॅथलिक बायबलमधील ज्ञानग्रंथ, जो मुळात ग्रीक भाषेतच लिहिला गेला, त्यातही हेच चार सद्गुण एकत्र येतात. ख्रिस्तसभेने त्यांना मूलभूत सद्गुणांचे स्थान दिले आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही सर्वजण ते शिकलो आहोत.

परंतु ग्रीक विचाराच्या दोन मर्यादा होत्या. एक तर ॲरिस्टॉटल यांच्या मते पूर्ण सुखासाठी सद्गुणाबरोबर काही बाह्य अनुकूलताही लागते: थोडी संपत्ती, मित्र, मुलेबाळे, सुदैव. ज्याच्यावर घोर आपत्ती कोसळली, तो सज्जन असला तरी त्याला सुखी म्हणता येणार नाही, असे ते प्रांजळपणे मान्य करतात. दुसरे म्हणजे, असे सुख त्यांनी सर्वांसाठी मानलेच नाही. गुलामाला त्यात वाटा नव्हता. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले, तर ज्याला ह्या उत्तराची सर्वाधिक गरज होती, त्याच्याच दारापाशी ते अडखळले.

ख्रिस्ती विचार येथून पुढे जातो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने ज्यांना धन्य म्हटले, ते सुदैवी नव्हते. ते दीन होते, शोक करणारे होते, न्यायासाठी भुकेलेले होते. संत थॉमस अक्वायनस (१२२५ ते १२७४) यांनी ॲरिस्टॉटल यांचा विचार टाकून दिला नाही. विवेकाने व सद्गुणाने ह्या जगात मिळणारे सुख खरेच आहे, परंतु ते अपूर्ण आहे. परिपूर्ण सुख परमेश्वराच्या दर्शनातच आहे आणि ते मनुष्याच्या कर्तबगारीने मिळत नाही, ती कृपा आहे, असे त्यांनी शिकविले. म्हणून चार मूलभूत सद्गुणांच्या पुढे श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन ईश्वरदत्त सद्गुण येतात. ही देणगी दैवाच्या लहरीवर अवलंबून नाही आणि ती कोणत्याही मनुष्याला, अगदी गुलामालाही, नाकारलेली नाही.

हे शिक्षण घेऊन स्टीफन्स यांनी ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजाने प्रयाण केले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले. भारतात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज होत. धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाल्यावर त्यांना सासष्टी प्रांतात पाठविण्यात आले आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, ते बहुतांशी गोव्यातच राहिले. मायदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

येथे त्यांच्या सद्गुणांची कसोटी लवकरच लागली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांचा वध झाला. देवळांच्या विध्वंसामुळे तेथील ग्रामस्थ संतप्त झालेले होते, हेही इतिहासाने नोंदविले आहे. सहकाऱ्यांचे मृतदेह परत मिळवून त्यांचा अंत्यविधी करण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज व्यापाऱ्यांना हेर समजून गोव्याच्या तुरुंगात टाकण्यात आले. ज्या राज्याने आपल्या मित्राला कोंडून ठेवले, त्याच राज्याचे हे प्रजाजन. तरीही त्यांची सुटका व्हावी म्हणून स्टीफन्स यांनी खटपट केली आणि ते जामिनावर सुटले. न्याय हा सद्गुण इतकेच सांगतो की ज्याचे त्याला द्यावे. प्रीती त्याहून एक पाऊल पुढे जाते. ते पाऊल स्टीफन्स यांनी टाकले.

परंतु त्यांच्या जीवनाचे खरे कार्य ह्याहून शांत होते. ते म्हणजे भाषा शिकणे. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे निरीक्षण नोंदविले. विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते कलकत्त्यात जाहीरपणे मांडले ते १७८६ साली, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी. स्टीफन्स यांनी कोकणी भाषेचे व्याकरण रचले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले; कोकणीतील त्यांचे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली प्रसिद्ध झाले. मराठी तर त्यांनी इतकी आत्मसात केली की परकी माणूस लिहीत आहे अशी शंकाही येऊ नये. सद्गुण रोजच्या सरावाने अंगी बाणतो, हा ॲरिस्टॉटल यांचा सिद्धान्त येथे आम्हांला देहधारी झालेला दिसतो. दुसऱ्याची भाषा शिकताना आधी ऐकावे लागते, चुकावे लागते आणि लहान व्हावे लागते.

त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावे लागले. दोन भागांच्या ह्या ग्रंथात १०,९६२ ओव्या आहेत. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा व दुसऱ्या भागात प्रभू येशूचे चरित्र आहे. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी एक प्रसंग रंगविला आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की आमची जुनी पुराणे तर आता आम्हांला वर्ज्य झाली, मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? त्या प्रश्नात केवढी पोकळी होती! जुने ग्रंथ गेले होते, सणवार गेले होते, गाणी गेली होती. केवळ आज्ञांची यादी पाठ करून मनुष्य सुखी होत नाही. त्याला आपल्या भाषेतली कथा लागते, गाता येईल असे गीत लागते. सत्तेच्या जोरावर लोकांकडून जे हिरावले गेले, ते सारे भरून काढणे एका धर्मगुरूच्या हाती नव्हते, आणि स्टीफन्स स्वतः त्याच राजवटीच्या छायेत काम करीत होते, हे आम्ही नाकारू नये. तथापि त्यांनी त्या लोकांना ओवी परत दिली. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांनी वापरलेल्या त्याच छंदात, स्वर्गाला वैकुंठ म्हणत, त्यांनी तारणाची वार्ता सांगितली.

ग्रंथ १६४९ व १६५४ साली पुन्हा छापला गेला. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले, तरी हस्तलिखित प्रतींच्या रूपाने ख्रिस्तपुराण भाविकांनी जपले. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली ते देवनागरी लिपीत मराठी वाचकांच्या हाती आले.

आता पुन्हा घाटंजीकडे वळू. ज्याचे पीक बुडाले, त्याला सद्गुणी राहा म्हणजे सुखी होशील, असे सांगणे सोपे आहे. परंतु ते निर्दय आहे. खचलेल्या मनुष्यात सद्गुण कमी पडला असे म्हणणे तर त्याहून मोठा अन्याय होय. आपत्ती सुख हिरावते, हे ॲरिस्टॉटल यांनी खरेच सांगितले. ख्रिस्ती श्रद्धा ते नाकारीत नाही. ती इतकेच म्हणते की आपत्तीत सापडलेला मनुष्य एकटा नाही आणि त्याची किंमत कमी झालेली नाही. पण ही गोष्ट त्याला कळणार कशी? कोणीतरी त्याच्या दाराशी गेले तरच. प्रीती हा सद्गुण दुःखी मनुष्याने दाखवायचा नसून आधी शेजाऱ्याने आचरायचा आहे.

फादर स्टीफन्स यांनी हे दार उघडण्यासाठी एक संपूर्ण भाषा शिकून घेतली. आमच्या धर्मग्रामांतील भाविकांना तर शेजाऱ्याची भाषा जन्मतःच येते. कर्जाची, नापिकीची, मुलीच्या लग्नाच्या काळजीची ती भाषा आहे. ह्या हंगामात एखाद्या मुक्या झालेल्या घरी जाऊन ओसरीवर बसावे, ऐकावे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे. सद्गुण सरावाने येतो, असे ग्रीकांनी शिकविले. आणि त्या सरावाला कृपेची जोड मिळते, अशी आमची श्रद्धा आहे.