हेन्री पिडिंग्टन

वादळास सायक्लोन हें नांव देणारा पुरुष कलकत्त्यास राहत होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

हेन्री पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ मध्यें इंग्लंडांत झाला. व्यापारी जहाजावरील कप्तानगिरी सोडून ते बंगाल्यांत स्थायिक झाले. कर्नल रीड यांचा वादळांवरील ग्रंथ वाचून त्यांस या विषयाचा ध्यास लागला. जहाजांच्या रोजनिशा ताडून त्यांनीं दाखविलें कीं, वादळांतील वारा मध्याभोंवतीं गरगर फिरतो. आपल्या गोलार्धांत घड्याळाच्या कांट्यांच्या उलट. सर्पाच्या वेटोळ्यावरून, ग्रीक भाषेच्या आधारें, त्यांनीं सायक्लोन हा शब्द बनविला व १८४८ च्या आपल्या ग्रंथांत खलाशांपुढें ठेविला.

असें वादळ उष्ण समुद्राच्या वाफेवर पोसतें. जमिनीवर येतांच क्षीण होतें. आज भारतीय हवामान विभाग ताशीं ६२ किलोमीटर वाऱ्यापासून चक्रीवादळ व २२२ पासून महाचक्रीवादळ मानतो.

१८५३ मध्यें मातला नदीकांठीं नवें बंदर बांधण्याचा सरकारचा विचार होता. वादळाबरोबर येणारी समुद्राची लाट तें बुडवील, असें पिडिंग्टन यांनीं गव्हर्नर जनरलांस लिहून कळविलें. कोणीं ऐकिलें नाहीं. १८५८ मध्यें ते निवर्तले. बंदर उभें राहिलें, आणि १८६७ च्या वादळांत त्याची धूळधाण झाली.

वाळूवर घर बांधणाऱ्याचा दाखला आपण शुभवर्तमानांत वाचतों. वेळीं सावध करणाऱ्याचा शब्द मानणें हेंही शहाणपणच, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानीं ठेवावें.